शटर ओढण्याआधीची दहा मिनिटं



या आठवड्याच्या व्हिडिओत मी 'रोज थोडी सुधारणा' या विषयावर बोललो. पण व्हिडिओत वेळ कमी पडतो, आणि कॅमेऱ्यासमोर काही गोष्टी सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. त्यातली एक गोष्ट आज इथे लिहितोय. गोष्ट माझ्याच चुकीची आहे.

बीबीए झालं आणि मी वडिलांच्या किराणा दुकानात बसायला लागलो. डोक्यात मोठमोठे प्लॅन होते. पहिल्याच वर्षी नवीन बोर्ड, एलईडी लाइट, काचेचं काउंटर, बिलिंग सॉफ्टवेअर, सगळं केलं. सव्वादोन लाख गेले, त्यातले दीड लाख कर्जाचे. दुकान चकाचक दिसायला लागलं. वडील फार काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "हप्ता किती?" हप्ता ५००० च्या आसपास होता.

विक्री थोडी वाढली, पण महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नव्हतं. आणि दर महिन्याला एक खोका भरून एक्सपायरी झालेला माल निघत होता. बिस्किटं, मसाले, सॉस, नूडल्स. काही माल कंपनी परत घ्यायची, बाकीचा आमच्या बोकांडी. साधारण ३५०० रुपयांचा माल दर महिन्याला फेकला जात होता. मला वाटायचं, धंदा म्हटलं की एवढं चालायचंच.

मग एका संध्याकाळी, भर गर्दीत, मागच्या गल्लीतल्या एक वहिनी आल्या. त्यांनी बाळाच्या सीरिअलचा डबा काउंटरवर ठेवला आणि तारखेवर बोट ठेवलं. तारीख उलटून दोन महिने झाले होते. त्या भांडल्या नाहीत. "पैसे नकोत, फक्त बघून देत जा," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

आणि मी काय केलं? आमच्याकडे वडिलांच्या काळापासून काम करणाऱ्या मावशी आहेत. माल लावणं, डाळी-साखर भरणं त्यांच्याकडे. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावर ओरडलो. "तारीख बघता येत नाही का? काय करता दिवसभर?"

मावशी गप्प बसल्या. रात्री शटर ओढताना शांतपणे म्हणाल्या, "दादा, नवीन माल पुढे लावा, दुकान भरलेलं दिसतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. जुना माल मागेच राहतो. मी दोनदा सांगायला आले होते, तुम्ही फोनवर होता."

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या खरं बोलत होत्या. नवीन पाकिटं चमकदार दिसतात म्हणून पुढे लावा, हा माझाच हुकूम होता. 'आधी आलेला माल आधी विकायचा' हा नियम मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि दुकानात बरोबर उलटं करत होतो. चूक मावशींची नव्हती, चूक माझ्या पद्धतीत होती. आणि ती चूक मावशींना माझ्या सहा महिने आधी दिसली होती.

फक्त एक रॅक

दुसऱ्या दिवशी मी मावशींची माफी मागितली, तीही काउंटरवरच. कारण ओरडलो होतो ते काउंटरवर. मग आम्ही ठरवलं, सगळं दुकान एकदम बदलायचं नाही. आमच्याकडे १२ रॅक आहेत. दर सोमवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, एकच रॅक रिकामा करायचा. पुसायचा, तारखा बघायच्या, जुना माल पुढे आणि नवीन मागे. दोन महिन्यांच्या आत तारीख संपणाऱ्या मालावर लाल टिकली लावायची आणि तो काउंटरजवळ आणून थोड्या कमी भावात काढायचा.

१२ आठवड्यांत दुकानाचा एक फेरा पूर्ण झाला. मग पुन्हा पहिला रॅक. आठेक महिन्यांनी फेकायचा माल ३५०० वरून ७०० रुपयांच्या आसपास आला. म्हणजे महिन्याला २८०० वाचले. आता जरा गणित करा. किराण्यात सरासरी दहा टक्के मार्जिन धरलं, तर २८०० रुपये कमवायला २८,००० रुपयांची जास्तीची विक्री करावी लागते. ती मी एलईडी लाइट लावून शोधत होतो, आणि ती मागच्या रांगेत पडलेली होती.

एक टक्क्याचं गणित, आणि त्यातली मेख

तुम्ही ते प्रसिद्ध गणित पाहिलं असेल. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षात माणूस जवळजवळ ३८ पट पुढे जातो. आकडेमोड बरोबर आहे. १.०१ ला ३६५ वेळा गुणलं की ३७.८ येतं. पण दुकान कॅल्क्युलेटरसारखं चालत नाही. तसं असतं तर माझे आतापर्यंत मॉल झाले असते!

खरं सांगतो, काही सुधारणा फसतात. मी एकदा जोशात येऊन टोकन पद्धत, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर आणि घरपोच सेवा तिन्ही एकदम चालू केलं. दिवाळीच्या गर्दीत तिन्ही कोलमडलं. एकाच्या सामानाची पिशवी दुसऱ्याच्या घरी गेली. काही सुधारणा नीट होतात, पण महिन्याभरात हळूच जुन्या सवयीवर येतात. म्हणून सुधारणा करणं हे अर्धं काम. ती रोजची पद्धत बनवणं हे उरलेलं अर्धं.

जपानी लोक याला 'कायझेन' म्हणतात. 'काय' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगलं. मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर गेला. त्यातली महत्त्वाची अट आपण विसरतो. आधी कामाची एक पद्धत ठरवा, ती सगळ्यांनी पाळा, मग त्यात सुधारणा करा. पद्धतच नसेल तर सुधारलं की बिघडलं हे कळणार कसं?

तेच कामगार, वेगळी दोरी

आता लीडरशिपकडे येऊ. एक खरं उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि मॅनेजमेंट यांच्यात कायम भांडणं, गैरहजेरी प्रचंड, गाड्यांचा दर्जा खराब. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. नाव ठेवलं 'नुम्मी'. गंमत बघा, घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते. तीच माणसं, तीच युनियन. तरी थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात टोयोटाच्या जपानमधल्या गाड्यांच्या जवळ पोचल्या.

काय बदललं? आधी नियम होता की काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. चुकलेली गाडी तशीच पुढे जायची आणि नंतर दुरुस्त व्हायची. टोयोटाने प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी दिली. काही चुकतंय असं वाटलं की दोरी ओढायची. टीम लीडर धावत यायचा, आणि तो ओरडायला येत नव्हता, मदत करायला येत होता. लगेच सुटलं तर ठीक, नाही तर लाइन थांबायची.

आता माझ्या दुकानात बघा. मावशींनी दोनदा दोरी ओढली होती. मी फोनवर होतो. आणि तिसऱ्यांदा त्यांनी ओढायच्या आधीच मी ओरडून दोरी कापून टाकली.

माझ्यासाठी लीडरशिपचा अर्थ त्या दिवशी बदलला. लीडर म्हणजे सगळ्यात हुशार माणूस नव्हे. आपल्या हाताखालच्या माणसाला चूक दाखवायची भीती वाटू नये, अशी जागा तयार करणारा तो लीडर. आणि त्यासाठी पहिली सुधारणा स्वतःच्या स्वभावात करावी लागते. मला तापट स्वभाव सोडायला दुकान सुधारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अजूनही कधी कधी घसरतो.

रोजची दहा मिनिटं

मी एक सवय लावली. शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं मी, मावशी आणि काउंटरवरचा मुलगा चहा घेऊन बसतो. मी एकच प्रश्न विचारतो, "आज काय अडलं?"

पहिले दहा-बारा दिवस एकच उत्तर, "काही नाही दादा." मी तरी विचारत राहिलो. मग एक दिवस मुलगा म्हणाला, "कात्री सापडत नाही, गिऱ्हाईक ताटकळतं." दुसऱ्या दिवशी कात्री काउंटरला दोरीने बांधली. खर्च शून्य. नंतर मावशी म्हणाल्या की साखरेची गोणी मागच्या कोपऱ्यात असते, ओढून कंबर दुखते. त्यांनी कधीच तक्रार केली नव्हती! गोणीखाली चाकांची फळी आली. कात्री बांधली तेव्हा त्यांना खात्री पटली की सांगितलं की काहीतरी होतं. त्यानंतर सांगणं वाढलं.

उद्यापासून काय कराल?

१. एकच जागा निवडा. एक रॅक, एक टेबल, किंवा उधारीची वही. सगळं दुकान नको.

२. आज तिथे किती नुकसान होतं ते लिहा. फेकलेला माल, वाया गेलेला वेळ, अडकलेली उधारी. आकडा नसेल तर सुधारणा दिसणार नाही.

३. दिवस आणि वेळ ठरवा. 'वेळ मिळाला की करू' म्हणजे कधीच नाही.

४. रोज विचारा, "आज काय अडलं?" एकटेच धंदा करत असाल तर स्वतःला विचारा आणि वहीत लिहा.

५. कोणी चूक दाखवली तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस." समजावणं, कारणं, सगळं नंतर.

६. एक सुधारणा महिनाभर टिकली की मगच दुसरी.

शेवटी एक सांगायचं राहिलं. त्या वहिनी परत आमच्या दुकानात आल्या नाहीत. आता त्या पलीकडच्या दुकानातून सामान नेतात, रस्त्यात दिसल्या की हसतात. गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक सुधारणेने परत येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्यांच्यानंतर तारीख उलटलेला डबा घेऊन काउंटरवर अजून कोणी आलेलं नाही. सोमवार दुपार आमच्याकडे आजही चुकत नाही. मी गावाला गेलो असलो तरी मावशी रॅक काढतात आणि रात्री फोन करून सांगतात, "दादा, सातवा झाला."

आज रात्री शटर ओढायच्या आधी एकदा विचारून बघा. उत्तर "काही नाही" आलं तर उद्या पुन्हा विचारा.

भेटू पुढच्या भागात.