तेलाची वाहिनी : पैसा कुठे वाचतो, धोका कुठे लपतो

बल्लारशा स्टेशनाजवळच्या फाटकावर थांबलात की गोल टाक्यांची मालगाडी कधी ना कधी दिसतेच. ती बघून पाचवीतल्या एका पोराने मला विचारलं, "सर, एवढ्या गाड्या फिरवण्यापेक्षा सरळ नळ का नाही टाकत?"

टाकलाय ना! मुंबईच्या रिफायनरीतून मनमाडपर्यंत सुमारे 250 किलोमीटरची वाहिनी 1998 पासून चालू आहे. पुढे ती इंदूरजवळच्या मांगल्याला आणि तिथून दिल्लीजवळच्या बिजवासनला नेली. मुंबई-पुणे वाहिनी तर त्याहून जुनी, 1985 ची.

फायदा कसा होतो ते बघा. टँकर भरून जातो आणि रिकामा परत येतो. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर मात्र दोन्ही वेळा लागतात. वाहिनीला परतीचा प्रवासच नाही. पाऊस असो की रात्र, पंप चालू असला म्हणजे झालं. घाटातले तेवढे टँकर कमी, म्हणजे अपघातही कमी. पण वाहिनी टाकायचा खर्च आधीच, एकदम करावा लागतो. तो भरून निघायला रोज भरपूर तेल वाहिलं पाहिजे. म्हणून प्रत्येक गावाला वाहिनी परवडत नाही, आणि आपल्या फाटकावर मालगाडी दिसते.

निबंधात बरेच जण "खूप रोजगार मिळतो" असं ठोकून देतात. खोदकाम चालू असेपर्यंत मिळतो, हे खरं. नंतर मोजकीच माणसं लागतात.

आता गंमत ऐका. एकाच नळीतून पेट्रोल, केरोसीन, डिझेल पाठोपाठ पाठवतात, मध्ये पडदा नसतो! जोडावर थोडं मिसळतंच. पेट्रोल आणि डिझेल एकमेकांना लागू नये म्हणून मध्ये केरोसीन सोडतात. पलीकडच्या टोकाला घनता मोजत बसतात; ती बदलू लागली की मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत घेतात. सहावीच्या विज्ञानातली घनता इथे कामाला येते, बरं का.

धोक्याचं मूळ दाबात आहे. मुंबई समुद्रालगत, तर इगतपुरीकडचा घाटमाथा जवळपास 600 मीटर उंच. नुसतं तेवढं डिझेल वर चढवायला हवेच्या दाबाच्या पन्नासेक पट दाब लागतो. सायकलच्या ट्यूबमध्ये तीन-चार पट असतो, यावरून अंदाज करा. अशा नळीला बारीक भोक पडलं तरी तेल फवाऱ्यासारखं उडतं. आणि 18 इंची नळीच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे दीड लाख लिटर मावतं! म्हणून ठराविक अंतरावर झडपा असतात. गळती दिसली की त्या बंद करायच्या, पण दोन झडपांमधलं तेल आतच राहतं. उतार असेल तर ते भोकाकडेच येतं.

भोक पडतं मुख्यतः गंजाने, जेसीबीच्या दातांनी किंवा चोरांच्या ड्रिलने. बाहेरच्या गंजासाठी नळीला लेप देतात, शिवाय थोडी वीज जोडतात. मग गंज नळीऐवजी शेजारी पुरलेल्या दुसऱ्या धातूला खातो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात लेपाला ताण बसतो. नळीच्या आतून "पिग" नावाचं यंत्र सोडतात, ते सफाई करतं आणि भिंत कुठे पातळ झाली तेही सांगतं. आतला गंज किती महाग पडतो, ते 27 जून 2014 ला आंध्रातल्या नगरम गावात दिसलं. ती वाहिनी गॅसची होती. पहाटे गॅस गळून पसरला, पेटला, आणि 20 हून जास्त माणसं गेली.

राहिला शेतकरी. 1962 च्या कायद्यानुसार जमीन त्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेगळी, आणि हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. वरून ज्वारी, कापूस घेता येतो; मात्र त्या पट्ट्यात विहीर नाही, घर नाही, झाडही नाही. मला विचाराल तर कोरडवाहू माणसाकडून विहिरीची जागा घेऊन 10 टक्के देणं फार कमी आहे. तुमच्या घरी शेती असेल तर आज आजोबांना विचारा, ते किती मागतील?