खानापूर : पाणलोटाच्या कडेवरचे गाव

बेळगावच्या दक्षिणेस सुमारे 26 किलोमीटरवर मलप्रभा नदीच्या काठी वसलेले खानापूर नकाशावर कर्नाटकाच्या हद्दीत चांगलेच आत दिसत असले, तरी ज्या तालुक्याचे ते मुख्य ठाणे आहे त्याची वायव्य कड कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडला आणि पश्चिम कड गोव्यातील सत्तरीला भिडलेली असल्यामुळे त्याला सीमेवरचे गाव म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. सीमाभाग म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम बेळगाव आणि त्यानंतर तंबाखूची बाजारपेठ असलेले निपाणी उभे राहते. परंतु निपाणी हे काळ्या जमिनीचे आणि हमरस्त्याचे गाव आहे, तर खानापूर हे तांबड्या मातीचे, कौलांचे आणि अरण्याच्या तोंडाशी असलेले गाव आहे, आणि हा फरक दोन्ही ठिकाणांच्या व्यापारापासून पावसापर्यंत सर्वत्र जाणवतो.

या भूभागाचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी आधी पावसाचा हिशेब पाहावा लागतो. बेळगाव शहरात वर्षाकाठी साधारण 1,300 मिलीमीटर पाऊस पडतो आणि मलप्रभेच्याच खोऱ्यात पूर्वेकडे असलेल्या सौंदत्तीच्या परिसरात तो 600 मिलीमीटरच्या आसपास उतरतो. उलट खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावरील कणकुंबीच्या पट्ट्यात तो काही हजार मिलीमीटरांत मोजला जातो आणि त्याच पट्ट्यातील आमगाव येथे 2010 साली दहा हजार मिलीमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. एका दिवसाच्या प्रवासात माणूस ज्या मुलखातून जातो, त्या मुलखात पावसाचे मान इतके पालटावे, अशी स्थळे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर फार नाहीत. या अतिवृष्टीमुळेच माथ्यावर सदाहरित वर्षावन टिकून आहे. ज्या वनातील वृक्षांची पानगळ एकाच वेळी न होता वर्षभर थोडी थोडी होत राहते आणि ज्यात उंच वृक्षांचे छत्र, त्याखाली मध्यम उंचीची झाडे व तळाशी झुडपे असे थर असतात, त्या वनास सदाहरित वन म्हणतात. येथे मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. विषुववृत्तावरील अरण्यांत पाऊस बहुधा वर्षभर पडतो, तर सह्याद्रीत तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो आणि पुढचे आठ महिने अरण्याला साठवलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. म्हणून पूर्वेकडे येऊ लागताच सदाहरित वन निमसदाहरित होते आणि खानापूर गाठेपर्यंत ऐन, किंजळ, साग अशा पानगळीच्या झाडांचे राज्य सुरू होते.

मलप्रभा कणकुंबीजवळ, माउली देवीच्या मंदिराच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटर उंचीवर उगम पावते. अरबी समुद्र तेथून पश्चिमेस अगदी जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, जांबोटी, हब्बनहट्टी व असोगा यांच्या बाजूने खानापुरास येते आणि पुढे ऐहोळे-पट्टदकल येथील चालुक्यकालीन मंदिरांच्या काठाने वाहत, सुमारे 300 किलोमीटरांचा प्रवास करून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच तालुक्यात, भीमगडाच्या अरण्यातील देगाव येथे उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे उतरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. (हे देगाव कित्तूरजवळच्या, कमलनारायण मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या देगावाहून वेगळे आहे; नामसाम्यामुळे पर्यटकांची फसगत होण्याचा संभव असतो.) ज्या उंचवट्याच्या एका अंगाला पडलेले पाणी एका नदीत व दुसऱ्या अंगाला पडलेले दुसऱ्या नदीत जाते त्यास जलविभाजक म्हणतात, आणि खानापूर तालुक्याची खरी सीमा कोणती असे विचारल्यास ती हीच होय, कारण माणसांनी आखलेल्या सर्व रेघांपेक्षा ती जुनी आहे आणि तालुक्याचे दोन्ही मोठे वाद याच माथ्याच्या आसपास घडले आहेत.

त्यांतील पाण्याचा वाद सांगायला सोपा आणि सोडवायला कठीण आहे. कणकुंबीजवळचा कळसा आणि नेरसे परिसरातील भांडुरा हे नाले मूळचे म्हादईच्या खोऱ्यातील. त्यांचे पाणी जलविभाजकापलीकडे मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाड व आसपासच्या गावांची तहान भागवावी, अशी कर्नाटकाची योजना आहे, तर म्हादई हीच ज्याची जीवनदायिनी त्या गोव्याचा तिला तीव्र विरोध आहे. 2010 साली नेमलेल्या जलतंटा लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा देऊन कर्नाटकास एकूण 13.42 टीएमसी पाणी मंजूर केले, ज्यातील 1.72 टीएमसी कळशाचे व 2.18 टीएमसी भांडुऱ्याचे आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे 2,832 कोटी लिटर. निवाडा 2020 मध्ये अधिसूचित झाला, तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे वादावर पडदा पडलेला नाही. या सर्व चर्चेत हुबळीची आणि पणजीची बाजू जितक्या मोठ्या आवाजात मांडली गेली, तितक्या आवाजात ज्या रानातून हे पाणी झिरपते त्या रानाची आणि तेथील गावांची बाजू मांडली गेली नाही.

हे रान 2011 च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. वाघ, बिबट्या, गवा, नागराज व धनेश यांचा येथे वावर असला, तरी प्राणिशास्त्राच्या इतिहासात भीमगडाचे नाव राहिले ते एका वटवाघळामुळे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत 1912 साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत, ते प्रथम मिळाले, पुढच्या वर्षी ऑल्डफिल्ड टॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि वनखात्यातील अधिकारी व निसर्गअभ्यासक रॉटन यांचे नाव त्याला देण्यात आले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे, म्हणजे कंबोडिया आणि मेघालयात त्याचा आढळ नोंदला जाईपर्यंत, ही जात जगात फक्त या गुहांतूनच ठाऊक होती. गुहांना ज्याचा शेजार आहे ते तळेवाडी आणि गवाळी, कृष्णापूर यांसारखी गावे अभयारण्याच्या पोटात असून पावसाळ्यात त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, आजाऱ्याला डोलीतून किंवा तिरडीसारख्या लाकडी मांडणीवरून खांद्यावर वाहून आणावे लागते, आणि म्हणूनच पुनर्वसनाचा प्रश्न तेथे केवळ वन्यजीवरक्षणाचा राहिलेला नाही.

दुसरा वाद भाषेचा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेनुसार बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील एकटा चंदगड तालुका मागे राहिला; त्यामुळे घाटमाथ्यावरच्या एकाच बोलीच्या, एकमेकांशी सोयरिकी असलेल्या गावांमधून राज्याची हद्द गेली. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवताना 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली आणि त्यांत निपाणी व नंदगड यांच्याबरोबर खानापूरही होते. महाराष्ट्राने आयोगाचा अहवालच नाकारला, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि दरम्यानच्या काळात 1 नोव्हेंबर हा दिवस या भागातील कन्नड भाषक राज्योत्सव म्हणून व महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते काळा दिवस म्हणून पाळत आले. आयोगाने देऊ केलेले खानापूर संपूर्ण दाव्याच्या आग्रहापायी हातचे गेले काय, हा प्रश्न महाराष्ट्रात मोकळेपणाने फारसा विचारला जात नाही. गावात मात्र मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात सहज ऐकू येतात.

गाव तसे लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगाव-लोंढा रेल्वेमार्ग झाल्यावर घाटावरचे लाकूड व धान्य यांना वाट मिळाली, आणि नदीकाठच्या चिकण मातीमुळे कौले, विटा व मातीची भांडी यांचा धंदा वाढला. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही येथेच आहे. पावसाळ्यात बाजारात येणारी रानातली अळंबी ही येथील ठळक ओळख म्हणावी लागेल.

प्राचीनत्वाचा मान मात्र गावाच्या आग्नेयेस असलेल्या हलशीकडे जातो. पलाशिका या नावाने ती आरंभीच्या कदंबांची दुय्यम राजधानी होती, तेथील ताम्रपटांत मृगेशवर्म्याने बांधविलेल्या जैन मंदिराचा उल्लेख येतो, आणि पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळातील भूवराह-नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गर्भगृहे व इ.स. 1169 आणि 1172 या वर्षांचे उल्लेख असलेला लेख आहे. वाटेवरच्या नंदगड येथे कित्तूरच्या लढ्यातील संगोळ्ळी रायण्णा याला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी देण्यात आली. तेथील स्मारकाला भेट देणाऱ्यांची रीघ असते, तर हलशी बहुधा शांतच असते.

येथे येऊ इच्छिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की अभयारण्यातील गुहा आणि म्हादईवरील वज्रपोहा धबधबा यांकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये, भर पावसाळ्यात नदीपात्रात उतरू नये, आणि ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याने हलशी व कणकुंबी या दोन्ही गाठण्याचा हट्ट न धरता ऑक्टोबरात कणकुंबी पाहावी. हब्बनहट्टीचा मारुती नदीच्या पात्रातच असल्याने मुसळधार पावसात पाण्याखाली जातो; त्याचे दर्शन पूर ओसरल्यावरच होते.