रजोनिवृत्तीतील संप्रेरक-चिकित्सा आणि अवटु ग्रंथी

पन्नाशीच्या आसपासची स्त्री चिकित्सालयात येते तेव्हा तिच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात : अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, धडधड, निद्रानाश, नाही तर वजन वाढणे, मलावष्टंभ, केस गळणे, उदासी. सुश्रुताचार्यांनी रजोनिवृत्तीचे वय पन्नास सांगितले असल्याने आपण सहजच निदान करून मोकळे होतो. परंतु यांतील पहिली चार लक्षणे अवटु ग्रंथीच्या, अर्थात थायरॉइडच्या, अतिक्रियेत आणि उरलेली मंदक्रियेत तशीच आढळतात. टी.एस.एच. तपासल्याखेरीज सर्व भार रजोनिवृत्तीवर टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुग्णा इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असेल तर गुंता वाढतो. रक्तातील थायरॉक्सिन जवळजवळ सर्वच प्रथिनांना बांधलेले असते. शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी अंश मुक्त असतो आणि कार्य करतो तो तेवढाच. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते. तेथे थायरॉक्सिन बांधणाऱ्या मुख्य प्रथिनात असा बदल होतो की ते रक्तात अधिक काळ टिकते व त्याचे प्रमाण वाढते. मुक्त अंश घटू लागतो. निरोगी ग्रंथी अधिक स्राव करून ही तूट भरून काढते. मंदक्रियेच्या रुग्णेची ग्रंथी ते करू शकत नाही. बाहा अराफा यांनी २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये थायरॉक्सिन घेणाऱ्या अशा २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर बारा आठवड्यांत त्यांचे मुक्त थायरॉक्सिन घटले, टी.एस.एच. वाढले आणि काहींची मात्रा वाढवावी लागली. त्वचेवर लावावयाच्या पट्टी वा जेलमधील इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जात नसल्याने हा परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणून ‘हार्मोन घेता का?’ एवढे विचारून भागत नाही. गोळी की पट्टी, हेही विचारावे.

अशा रुग्णेचे केवळ एकूण टी-४ पाहिल्यास ते वाढलेले दिसते आणि अतिक्रियेचा भ्रम होतो. मुक्त टी-४ व टी.एस.एच. पाहावे, गोळी सुरू केल्यापासून सहा ते बारा आठवड्यांनी ते पुन्हा करून घ्यावे.

आता आपल्या कपाटाकडे वळू. शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ व मौक्तिक हे मुख्यत्वे कॅल्शियमचे कल्प होत. लोहभस्म, मंडूर, नवायस यांत लोह असते. कॅल्शियम व लोह आतड्यातच थायरॉक्सिनला अडवतात. या वयात अस्थिक्षयासाठी प्रवाळ आणि पांडूसाठी मंडूर आपण मुक्तहस्ते देतो. देण्यास हरकत नाही, मात्र सकाळच्या थायरॉक्सिननंतर किमान चार तासांनी द्यावेत. इसबगोलही त्या वेळेपासून दूर ठेवलेला बरा. अश्वगंधेविषयी अधिक सावध असावे. तिने थायरॉक्सिन वाढल्याचे चिकित्सा-अभ्यासात दिसले आहे, तसेच अतिक्रियेची लक्षणे उद्भवल्याच्या रुग्णनोंदीही प्रसिद्ध आहेत. निद्रानाशासाठी ती देताना अतिक्रिया नाही याची खात्री करून घ्यावी. थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीस ती दिलीच, तर टी.एस.एच.वर लक्ष ठेवावे.

औषधविक्रेत्यांस एक विशेष सूचना. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. त्याने रुग्णेची ग्रंथी बिघडत नाही, पण अनेक प्रयोगशाळांतील तपासणी बिघडते : टी.एस.एच. खोटे कमी, मुक्त टी-४ खोटे अधिक. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, हे गिऱ्हाइकास काउंटरवरच सांगावे.

इस्ट्रोजेन बंद करतानाही हेच चक्र उलट फिरते. वाढवलेली थायरॉक्सिनची मात्रा तशीच राहिली तर ती अधिक ठरते. हृदयाची लय बिघडण्याची आणि आधीच क्षीण होत चाललेल्या अस्थी अधिक झिजण्याची भीती असते. मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांना हा बदल रुग्णेने स्वतः कळवला असेल, असे गृहीत धरू नये. आपल्या केसपेपरवर गोळी बंद केल्याची तारीख लिहावी व दोन महिन्यांनी तपासणीची चिठ्ठी हाती द्यावी.