बुलबुल तरंग (बेंजो)

बुलबुल तरंग हे कळा दाबून वाजवण्याचे तंतुवाद्य आहे. महाराष्ट्रात ते बेंजो या नावाने अधिक परिचित आहे. जपानमधील ‘ताइशोगोतो’ या वाद्यापासून त्याची निर्मिती झाली. घरात बसून वाजवायचे हे मंद आवाजाचे वाद्य विजेच्या जोडणीमुळे महाराष्ट्रात मिरवणुकीचे वाद्य बनले.

नाव

‘बुलबुल’ हा पक्षी आणि ‘तरंग’ म्हणजे लहर, यांवरून हे नाव पडले. ‘बेंजो’ हा शब्द मात्र पाश्चात्त्य बँजोवरून आला असून तो गैरसमज निर्माण करतो. बँजो हे कातड्याने मढवलेले, लांब दांडीचे वाद्य आहे. आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतून ते घडले. बुलबुल तरंगाशी त्याचे कुळ जुळत नाही.

इतिहास

मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे ताइशोगोतो तयार केले. त्याच वर्षी सुरू झालेला ताइशो कालखंड आणि ‘कोतो’ हे पारंपरिक जपानी तंतुवाद्य, यांवरून त्याचे नाव ठेवण्यात आले. कळांची कल्पना टंकलेखन यंत्रावरून घेतलेली होती. पुढे हे वाद्य दक्षिण आशियात पोहोचले. बलुचिस्तानात त्याचे मोठे रूप ‘बेंजू’ या नावाने रूढ झाले.

रचना व वादन

लांबट लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात. त्यांतील काही तारांवर सूर वाजतो, तर काही आधारस्वर देतात. कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते आणि तारेचा कंप पावणारा भाग आखूड होऊन स्वर चढतो. गिटारवादक हेच काम बोटाने करतो. डाव्या हाताने कळा दाबून उजव्या हातातील नखीने तारा छेडतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांची ओळख असणाऱ्यास स्वरस्थाने लवकर सापडतात. मात्र स्वर ठरावीक जागी बांधलेले असल्यामुळे मींड घेणे अवघड जाते. रागसंगीताच्या मैफलीत या वाद्याला फारसे स्थान न मिळण्याचे हे एक कारण आहे.

विद्युत बेंजो

विद्युत बेंजोत तारांखाली ‘पिकअप’ बसवतात. लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. ध्वनिवर्धक तो मोठा करतो. विद्युत गिटारचे तत्त्व हेच असल्याने तिच्यासाठी बनवलेली आवाज बदलणारी उपकरणे बेंजोलाही जोडता येतात. ढोल-ताशांच्या गजरात साधी सतार किंवा हार्मोनियम ऐकू येत नाही. विद्युत बेंजो मात्र ऐकू येतो.

महाराष्ट्रातील वापर

मुंबई व कोकणात गणेशोत्सव, हळदी, लग्नाच्या वराती आणि कोळीगीते यांत ‘बेंजो पार्टी’ वाजवली जाते. विदर्भात व शेजारच्या छत्तीसगडात मिरवणुकीच्या पथकांना ‘धुमाल’ म्हणतात. त्यांतही बेंजो आढळतो. गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडात हे वाद्य लोकगीतांच्या साथीलाही असते. वादक बहुधा ऐकून आणि पथकातील ज्येष्ठांकडे पाहून शिकतात. लिखित स्वरलिपीचा आधार क्वचितच घेतला जातो. त्यामुळे जुना वादक थांबला की त्याच्या चाली व बोटांच्या सवयी नोंदीविना लोपण्याची शक्यता असते.

रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटात रितेश देशमुख यांनी अशा पथकातील वादकाची भूमिका केली आहे.

सद्यस्थिती

कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रित संगीत यांच्याशी बेंजो पथकांना स्पर्धा करावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई असून, मोजक्या सणांच्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. जपानमध्ये ताइशोगोतो आजही समूहाने शिकले व वाजवले जाते.

हेही पाहा

विद्युत गिटार · बँजो · स्वरमंडल