सुलिस मिनर्व्हेचें कुंड

रोमन लोकांनीं ब्रिटन देश जिंकला, तेथें सडका बांधिल्या, किल्ले उभारिले आणि सुमारें साडेतीनशें वर्षें राज्य करून ते निघून गेले, एवढी हकीकत आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु जिंकलेल्या लोकांच्या देवांचें पुढें काय झालें, हा प्रश्न परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच तो आम्हीं येथें घेतला आहे. राजा बदलला म्हणजे देवहि बदलतो काय? याचें उत्तर ग्रंथांपेक्षां जमिनींतून अधिक चांगलें निघालें आहे, व तें जेथें निघालें तें स्थळ म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील बाथ हें शहर होय.

तेथें जाण्यापूर्वीं केल्ट लोकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आजच्या फ्रान्स देशांत, ज्यास रोमन लोक गॉल म्हणत, आणि ब्रिटनमध्यें या लोकांच्या अनेक टोळ्या राहत असत. नदी, झरा, दाट राई हींच त्यांचीं देवस्थानें. ड्रुइड नांवाचे त्यांचे आचार्य असत. जूलियस सीझर यानें आपल्या गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतांत लिहिलें आहे कीं, ड्रुइडांचे कित्येक शिष्य वीस वीस वर्षें गुरूपाशीं राहून असंख्य पद्यें मुखोद्गत करीत, मात्र ती विद्या लिहून ठेवणें त्यांस निषिद्ध वाटे. पाठांतराची ही निष्ठा स्तुत्य खरी. पण तिचा परिणाम असा झाला कीं, ड्रुइड गेले तेव्हां त्यांच्याबरोबर त्यांची विद्याहि गेली. इ. स. ६० च्या सुमारास सुएटोनियस पॉलिनस या रोमन सुभेदारानें मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, स्वारी केली, आणि तेथील पवित्र राया तोडून टाकण्यांत आल्या. केल्टांच्या देवांविषयीं आज आपणांस जें समजतें, त्यांतील पुष्कळसें त्यांच्या जेत्यांच्या तोंडून समजतें.

आणि जेत्यास परक्या देवाचें नांव शिकण्याचा कंटाळा असतो. गॉल लोक कोणत्या देवांस भजतात हें सांगतांना सीझर म्हणतो, सर्वांत अधिक मर्क्युरीस, त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर व मिनर्व्हा यांस. हीं सारीं नांवें रोमन! गॉल लोकांचा एकहि शब्द तेथें नाहीं. परक्या देवांस अशीं आपलीं नांवें देण्याच्या रीतीस टॅसिटस या इतिहासकारानें ‘रोमन अर्थ लावणें’ असें म्हटलें आहे.

सामान्य लोकांनीं मात्र निराळा मार्ग काढिला. त्यांनीं जुना देव टाकिला नाहीं आणि नव्यास दारांतून परतहि लाविलें नाहीं. टायबेरियस बादशहाच्या कारकीर्दींत (इ. स. १४ ते ३७) पॅरिस येथील नावाड्यांनीं एक स्तंभ उभारिला. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याचे दगड नोत्र दाम या प्रसिद्ध मंदिराखालीं सांपडले. त्यांवर ज्युपिटर व व्हल्कन हे रोमन देव आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीस एसुस व शिंगें असलेला सेर्नुन्नोस हे केल्टांचे देवहि आहेत. कित्येक ठिकाणीं तर रोमन मर्क्युरीच्या शेजारीं रोझमेर्टा ही केल्टिक देवी जोडीनें उभी केलेली आढळते.

आतां बाथकडे वळूं. तेथें भूगर्भांतून उकळ्या फोडीत येणारें पाणी सेंटिग्रेडच्या सुमारें ४६ अंश इतकें उष्ण असतें, व दररोज अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी वर येतें. रोमन येण्यापूर्वींच या झऱ्यावर सुलिस नांवाच्या देवीचा वास आहे, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. आयरिश भाषेंत डोळ्यास जो शब्द आहे त्याच्याशीं हें नांव जुळतें, असें कांहीं भाषापंडितांस वाटतें. इ. स. ७० च्या सुमारास रोमनांनीं झऱ्याभोवतीं दगडी कुंड बांधिलें, शेजारीं देऊळ व स्नानगृहें उभारिलीं, आणि देवीस आपल्या मिनर्व्हेचें नांव जोडिलें. परंतु गांवाचें नांव राहिलें ‘आक्वे सुलिस’, म्हणजे सुलिसचें पाणी. देवळांतील लेखांतहि ‘सुलिस मिनर्व्हा’ असें बहुधा जुनें नांव आधीं व राजाश्रयाचें नांव मागून येतें. कित्येक लेखांत तर सुलिस एकटीच आहे.

या देवळाच्या दर्शनी भागावरील शिल्प १७९० सालीं सांपडलें. मिनर्व्हेच्या ढालीवर मेड्युसा राक्षसीचें मुख असतें, हें ग्रीक कथा वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. येथील शिल्पांत मात्र त्या जागीं चांगल्या भरदार मिशांचा पुरुष डोळे वटारून पाहत आहे! केंसांत साप आहेत ते मेड्युसेचे; पण मिशा कोठून आल्या? त्या केल्टिक कारागिराच्या हातून आल्या, असें अनेक विद्वानांचें मत आहे, आणि आम्हांसहि तेंच पटतें.

१९७९-८० सालीं बॅरी कन्लिफ यांच्या देखरेखीखालीं हें कुंड उपसण्यांत आलें. गाळांतून बारा हजारांहून अधिक रोमन नाणीं निघालीं. पण त्यांहून मोलाचें धन म्हणजे शिशाचे व कथलाचे सुमारें १३० लहान पत्रे. हे पत्रे म्हणजे देवीकडे केलेल्या फिर्यादी. ज्याची वस्तु चोरीस जाई तो पत्र्यावर टोकदार लेखणीनें आपलें गाऱ्हाणें कोरी, त्याची घडी करी, आणि ती पाण्यांत सोडून देई. डोसिमेडिस नांवाच्या गृहस्थाचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धि व डोळे देवळांतच नष्ट व्हावे, अशी त्याची मागणी आहे. डोसिलियानस याची टोपीवजा झूल असलेली कांबळ गेली. ती परत येईपर्यंत चोरास ना झोंप मिळो, ना संतति. दोन हातमोज्यांसाठीं डोळे, हा न्याय आम्हांस फार कडक वाटतो. परंतु थंडीच्या दिवसांत गरिबास आपली कांबळ किती मोलाची असेल, हेंहि विसरतां कामा नये.

या फिर्यादींत एक मोठी युक्ति आहे. फिर्यादी पुष्कळदां प्रथम आपली चोरलेली वस्तु देवीस अर्पण करून टाकितो. म्हणजे ती आतां देवीची झाली, आणि चोर हा माणसाचा नव्हे तर देवीचा अपराधी ठरला! शिवाय चोर निसटूं नये म्हणून ‘पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र’ अशा वकिली थाटाच्या जोड्याहि लिहिलेल्या असतात. चौथ्या शतकांतील एका पत्र्यावर अॅनियानस याच्या थैलींतून सहा रुप्याचीं नाणीं गेल्याची तक्रार आहे. तींत ‘मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती’ अशी नवी जोडी आढळते. राज्यांत नवा धर्म आला होता, तो येथें असा चोरांच्या यादींत नोंदला गेला, हें पाहून हंसूं येतें. त्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवांच्या पूजेस बादशाही हुकुमानें बंदी झाली, आणि पुढें देवळाचें छप्पर कोसळून कुंड गाळानें भरून गेलें.

या पत्र्यांवरील लिपि रोमन आहे, भाषा बहुतेक लॅटिन आहे, लिहिणाऱ्यांचीं नांवें मात्र कांहीं रोमन व कांहीं अस्सल केल्टिक आहेत. ज्या लोकांच्या आचार्यांनीं धर्माचें एक अक्षरहि लिहूं दिलें नाहीं, त्यांचे वंशज जेत्यांची लिपि शिकून आपल्याच जुन्या देवीस पत्रें लिहूं लागले. त्यांतील दोन पत्रे मात्र निराळे आहेत. त्यांवर अक्षरें रोमन आहेत, पण शब्द लॅटिन नाहींत. ते ब्रिटनच्या प्राचीन केल्टिक भाषेंतील असावेत, असा हे पत्रे वाचणारे पंडित रॉजर टॉमलिन यांचा तर्क आहे. त्यांतील अक्षरें ओळखतां येतात; परंतु कोणी सुलिसपाशीं काय मागितलें, त्याचा अर्थ अद्याप कोणासहि निश्चित लावितां आलेला नाहीं.