घरच्या संगणकावर ‘मॅक्सिमा’ : घोडे अडते कुठे?

मुलगा किंवा मुलगी विज्ञानाला, अभियांत्रिकीला गेली की गणिताच्या सॉफ्टवेअरची गरज पडते. विकतचे परवडत नाही, म्हणून कुणाकडून तरी चोरटी प्रत आणली जाते आणि तिच्याबरोबर व्हायरसही घरात शिरतो. त्यापेक्षा ‘मॅक्सिमा’ बरे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६८ साली सुरू झालेल्या कामातून ते निघाले. टेक्सासचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये निधन होईपर्यंत ते सांभाळले आणि १९९८ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मिळवली. पैसे पडत नाहीत, दुसऱ्याला प्रत देण्यास आडकाठी नाही आणि एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. मात्र पहिल्याच दिवशी काही अडले की मुले ‘हे बिघडले आहे’ म्हणून काढून टाकतात. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो.

बसवण्याची फाईल मॅक्सिमाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोजच्या फाईलमध्ये ‘डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा’ हा पडदाही येतो. आपण लिहायचे ते त्यावर. पडदा दिसतो पण उत्तर येत नाही, अशी तक्रार झाल्यास आधी फायरवॉल पाहावी. पडदा आणि हिशेब करणारा भाग हे दोन वेगळे कार्यक्रम असून ते संगणकातल्या संगणकात एकमेकांशी बोलतात. फायरवॉलने ते बोलणे तोडले की काम थांबते. तिथे मॅक्सिमाला परवानगी द्यावी. आणखी एक, नुसते एंटर दाबल्यास फक्त नवी ओळ येते. उत्तरासाठी शिफ्ट धरून एंटर दाबावे.

आता विहिरीचे उदाहरण घेऊ. व्यास ६ मीटर, पाणी ४ मीटर खोल. त्रिज्येचा वर्ग ९, त्याला ४ ने आणि पायने गुणायचे. मॅक्सिमा उत्तर देते ‘३६ पाय’! घरचे हसतात, पण उत्तर अगदी अचूक आहे. हे यंत्र अपूर्णांक आणि पाय मोडत नाही, सांगेपर्यंत तसेच ठेवते. दशांशात हवे तर ‘फ्लोट’ हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे कंसात गणित घालावे. मग ११३.०९७ घनमीटर, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर पाणी, असे कळते. पाय लिहिताना टक्क्याचे चिन्ह देऊन त्याला लागून इंग्रजी पी आणि आय लिहावे. टक्का विसरल्यास ते साधे अक्षर समजले जाते आणि ‘फ्लोट’ लावूनही सुटत नाही.

आकडे इंग्रजीच टाईप करावेत. लाखाच्या रकमेत स्वल्पविराम देऊ नयेत, आकडा सलग लिहावा. वहीत आपण ‘दोन एक्स’ जोडून लिहितो. इथे मध्ये गुणाकाराचा तारा हवाच. एक्सला ५ ही किंमत द्यायची तर विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह वापरावे. बरोबरचे चिन्ह दिल्यास ते नुसते समीकरण होते, किंमत लक्षात राहत नाही.

उलटही घडते. सकाळी एक्सला ५ दिलेले असते आणि संध्याकाळी त्याच एक्सचे समीकरण सोडवायला घेतले जाते. मॅक्सिमा म्हणते, अक्षर हवे तिथे आकडा सापडला. इंग्रजी संदेश पाहून घाबरू नये, तो वाचावा. दोष त्यातच सांगितलेला असतो. ‘किल’ लिहून कंसात ‘ऑल’ दिले की जुने सर्व पुसले जाते.

वीज गेली तर? फाईल वरचेवर जतन करावी. पुन्हा उघडल्यावर जुनी उत्तरे पडद्यावर दिसतात, पण यंत्राच्या स्मरणात ती नसतात. म्हणून पहिल्या ओळीपासून सर्व गणिते परत चालवून घ्यावीत, मगच पुढची ओळ लिहावी. आणि एखादे गणित संपतच नसेल, तर संगणकाचे बटण बंद करू नका. मॅक्सिमाच्या यादीत काम थांबवण्याची सोय आहे, ती वापरा.