नवशिक्षकाची धास्ती

शाळेची घंटा होते, हजेरीपट व खडू हाती येतात आणि नवा शिक्षक प्रथमच वर्गाच्या दारात उभा राहतो. आदल्या रात्री तोंडपाठ केलेला धडा त्या क्षणी कोठे जातो, कोण जाणे! घशाला कोरड पडते, हातातील खडू थरथरतो आणि चाळीस मुलांचे डोळे आपले व्यंग शोधीत आहेत असे वाटू लागते. ‘हे काम आपल्या आवाक्यातील नव्हे,’ असा निष्कर्ष पुष्कळ तरुण-तरुणी याच क्षणी काढतात. तो घाईचा होय.

ही धास्ती म्हणजे अपात्रतेची खूण नव्हे. संकटाची चाहूल लागताच शरीरात ॲड्रिनलिन हे द्रव्य स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तोंड सुकते. समोर वाघ असो वा सातवीचा वर्ग, शरीराची तयारी एकाच रीतीची असते. मात्र वर्गात प्रत्यक्ष संकट ओढवत नाही, हे कळू लागले की हा आवेग ओसरू लागतो. म्हणून पहिली पाच मिनिटे कशी घालवावयाची, हे पाठटाचणात शब्दशः लिहून ठेवावे. आत जाण्यापूर्वी दोन-चार वेळा सावकाश श्वास सोडावा. हजेरी घेताना प्रत्येक मुलाकडे पाहावे, म्हणजे ‘वर्ग’ नावाचा बागुलबुवा विरघळतो आणि त्या जागी एकेक मूल दिसू लागते.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ साली शिक्षकांच्या चिंतांविषयी एक मार्मिक विवेचन केले. नवशिक्षकाची चिंता आरंभी स्वतःविषयी असते: मी कसा दिसतो, वर्ग मला जुमानील का? अनुभव वाढतो तशी ती विद्यार्थ्याकडे वळते: याला समजले का, तो मागे का पडला? चिंता नाहीशी होत नाही, तिचे तोंड फिरते. धास्तीवरील खरा उपाय या फिरण्यातच आहे.

परंतु हा अनुभव यावयाचा कोठून? वडोदऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. अशा रीतीने मुले शाळेत आणली, तर त्यांना शिकविणारे हातही घडवावे लागतात. पुढे १९४९ साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ येथे स्थापन झाले. त्याच विद्यापीठाच्या शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात सूक्ष्म अध्यापनावर महत्त्वाचे काम झाले.

भारतात रूढ झालेली ही पद्धत साधी आहे. पाच-दहा सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात. नवशिक्षक सहाच मिनिटे शिकवितो आणि तेही प्रश्न विचारणे किंवा फळ्याचा वापर असे एकच कौशल्य घेऊन. सहा मिनिटे त्याच्या पाठावर चर्चा होते, बारा मिनिटांत तो पाठाची नव्याने आखणी करतो, पुन्हा सहा मिनिटे शिकवितो आणि पुन्हा सहा मिनिटे अभिप्राय ऐकतो. छत्तीस मिनिटांत एक चूक घडते आणि सुधारते. तीही अशा ठिकाणी, जेथे चुकीने कोणा मुलाचे नुकसान होत नाही. शाळेत लागल्यावरही एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला मागील बाकावर बसवून हाच सराव करता येतो.

तरीही चुका होणारच. दांडिया बाजारात वाढलेली एखादी मराठी तरुणी गुजराती वर्गास शिकवू लागते आणि बोलण्याच्या ओघात ‘फळा’ म्हणून जाते. गुजरातीत त्याला ‘पाटियुं’ म्हणतात. मुलांना आठवते ते फळ, आणि वर्गात हशा पिकतो. आता दोन वाटा असतात. अपमान झाला असे मानून तिने आवाज चढविला, तर तिची भीती मुलांच्या मनात उतरते. उलट, तीही हसली आणि ‘तुमचा शब्द कोणता?’ असे विचारती झाली, तर मुले तिला शब्द देतात आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य घेतात.

भ्यालेला शिक्षक पुष्कळदा कठोर होतो, ही या विषयाची गंभीर बाजू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. परंतु छडी हातातून गेली, तरी धास्ती मनात राहू शकते. म्हणून ती लपवू नये. मुख्याध्यापकांनी नव्या माणसाला सर्वांत अवघड वर्ग देऊन त्याची परीक्षा पाहू नये. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, अन्न नकोसे झाले, तर संकोच न करता वैद्याचा सल्ला घ्यावा.

पहिल्या दिवशी ज्याचा खडू थरथरला, तो वाईट शिक्षक ठरेलच असे नाही. उलट, परक्या जागेत एकटे उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक झालेले असते. वर्गात नव्याने दाखल झालेल्या, शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलाची अवस्था त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?